सोमवारचा ब्लँक

लातूर
१६ फेब्रुवारी १९८७

कु. महानंदा हुडगे यांस,
नरसिंग हणमंते यांचा नमस्कार.

वर्गात मी तुम्हाला 'अगं महानंदा' म्हणत होतो. आता ते जमत नाही, म्हणून 'तुम्ही'. पत्र रजिस्टरने पाठवतोय. सही करून घ्यावं लागेल, वाचायलाच हवं असं नाही.

गेल्या महिन्यात तुमचे वडील गुरुबसप्पा चाकूरहून माझ्या घरी आले होते. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसावं. माझ्या आईने, सरजाबाईंनी, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "टँकरचंच हाय दादा, गोड लागायचं न्हाई." त्यांनी तांब्याला तोंड लावून सगळं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "पावडरीचा वास हाय ह्याला." मग माझ्याकडे वळले. "सर, पोरीनं खोटे आकडे लिवले आसतील तर मला सांगा. मी तिला माफी मागाया लावतो. पर ती म्हणती न्हाई लिवले."

मुखेडच्या शाळेत तुम्हाला कायम करायचं की नाही ते जूनमध्ये ठरणार, हेही त्यांच्याकडूनच कळलं. 'एम. फिल.चा प्रबंध बनावट नोंदींमुळे नामंजूर' असा शेरा असलेल्या बाईला संस्था ठेवणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला समजतं.

तो पावडरीचा वास माझ्या डोक्यात राहिला आणि एक गोष्ट सुचली. ती लिहिण्याआधी तुम्हाला पाठ असलेलंच पुन्हा लिहितो. मास्तरकीची खोड समजा. शिवाय हे कागद उद्या परक्या माणसापुढे ठेवायची वेळ आली तर त्यालाही अथपासून कळलं पाहिजे.

तुमचा विषय होता हवेतल्या ओझोनचा काळ्या मातीच्या धुळीवर होणारा नाश आणि त्याचा वेगनियम. सूर्याच्या किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो, हे पुस्तकात आहे. तो जमिनीवरच्या धुळीला लागला की किती वेगाने संपतो, हे आमच्या भागाच्या मातीसाठी कुणी मोजलं नव्हतं. ८६च्या उन्हाळ्यात धुळीला काही तोटा नव्हता. हैदराबादहून आणलेली काचेची नळी आणि नियॉनच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून आपण ओझोन तयार करत होतो. तो धुळीबरोबर चंबूत कोंडायचा, दर पाच मिनिटांनी त्यातली थोडी हवा पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यातून बुडबुडवायची आणि सुटलेलं आयोडीन हायपोच्या द्रावणाने मोजायचं. जितकं आयोडीन तितका ओझोन.

धुळीवरची अभिक्रिया पहिल्या कोटीची असेल तर दर ठरावीक वेळाला ओझोन निम्मा होत जातो आणि लॉगचा आलेख सरळ रेषा येतो. तुमच्या रेषा शेवटाला वाकून आडव्या होत होत्या. चंबूतला थोडा ओझोन संपायचं नावच घेत नाही असं दिसत होतं. फक्त सोमवारच्या रेषा सरळ होत्या. १८ जुलैला आमच्या विभागात तुमची तोंडी परीक्षा झाली, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हे पंधरा मिनिटांत हेरलं. ते म्हणाले, "ह्या बाईंनी काम सोमवारी केलंय आणि बाकीचे दिवस घरी बसून लिहिलेत." मार्गदर्शक मी होतो. शेऱ्याखाली माझीही सही आहे.

आता सुचलेली गोष्ट. त्या उन्हाळ्यात 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेल्या जारमध्ये रोज सकाळी हौदातलं टँकरचं पाणी भरलं जात होतं, असं समजलं आहे. टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर, म्हणजे क्लोरीन. क्लोरीनसुद्धा आयोडीन सोडवतो. ब्युरेटच्या मोजनळीला ओझोन कुठला आणि क्लोरीन कुठला हे ओळखता येत नाही. म्हणजे तुमच्या प्रत्येक मापात एक ठरावीक खोटा भाग मिसळला जात होता. सुरुवातीला ओझोन भरपूर, तेव्हा तो झाकला जाई. शेवटी ओझोन संपला की तोच तेवढा उरे.

आणि सोमवार? टँकर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी यायचा. शनिवारचं पाणी उघड्या हौदात रविवारभर उन्हात राही. सोमवारी सकाळी त्यात क्लोरीन नसे.

हे खरं असेल तर तुमच्या नोंदी बनावट नाहीत. मी तपासून कळवतो.

नरसिंग हणमंते


लातूर
९ मार्च १९८७

कु. महानंदा हुडगे यांस, नमस्कार.

पोहोचपावती आली. त्यावर तुमची सही आहे. उत्तराची मी वाट बघत नाही.

तपासलं. यंदाही पाऊस दगा देऊन गेला, त्यामुळे टँकर आहेतच आणि प्रयोगाला पाण्याची कमी नाही. आपला जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली. उस्मानाबादेहून कारभार चालत होता तेव्हा पावडर टाकायला इथवर कुणी येत नव्हतं. आता कचेरी उंबऱ्यात आहे. नवं खातं, नवे साहेब आणि गॅस्ट्रोची साथ. टँकर भरताना एकदा पावडर पडते आणि रिकामा करताना पुन्हा एकदा. लोक नाक मुरडतात, पण साथ आटोक्यात आली हे कबूल केलं पाहिजे.

टँकर आल्याबरोबर हौदातलं पाणी घेतलं, त्यात ओझोन न सोडता नुसतंच मोजलं. यालाच आपण ब्लँक म्हणतो: पाणी स्वतः किती खोटं बोलतं ते. हायपो लागला १.८ मिली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ०.७. तिसऱ्या दिवशी दोन थेंबांत रंग गेला. क्लोरीनही उन्हात आपला वेगनियम पाळून जातो, त्याला दुष्काळाचं काही पडलेलं नाही.

मग तुमच्या प्रबंधातली मंगळवार ते शनिवारची मापं काढली आणि त्या त्या दिवसाचा खोटा भाग वजा केला. बावीस आलेख होते, त्यांतले एकोणीस सरळ झाले. तीन अजून वाकडेच आहेत. वेगाचा स्थिरांक सोमवारच्या आकड्याशी जुळतो. सोबत तक्ता जोडला आहे.

एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी ओझोनच्या विघटनाची यंत्रणा शिकवत होतो तेव्हा तुम्ही हात वर केला होता. ऑक्सिजन वाढवला तर ओझोन फुटायचा वेग कमी कसा होतो, असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो की सुटलेल्या अणूला ऑक्सिजन परत धरून ठेवतो, त्याला पुढे जाऊ देत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हंजे जो जन्माला घालतो त्योच आडवतो." वर्ग हसला. मी ते वाक्य नंतरच्या दोन वर्षांत माझं म्हणून वापरलं.

मागच्या पत्रात जार कुणी भरला ते लिहायचं राहिलं. प्रयोगशाळा परिचर निवृत्ती भरत होता. त्याला बिचाऱ्याला क्लोरीनचं काय कळणार.

नरसिंग हणमंते


लातूर
३० मार्च १९८७

कु. महानंदा हुडगे यांस, नमस्कार.

तक्ता परत मिळाला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. एका ओळीवर लाल शाईने लिहिलंय: '८ मे, गुरुवार. टँकर आला नव्हता. शुक्रवारी आला.'

मी हौदाच्या नोंदी बघितल्या. तुमचं बरोबर आहे. त्याप्रमाणे वजाबाकी बदलली आणि वाकड्या तिघांतले दोन सरळ झाले. आता एकच उरलाय, तो बहुधा मातीचा असेल. जवळपास अकरा महिन्यांपूर्वीच्या एका गुरुवारी टँकर आला नाही हे तुमच्या ध्यानात कसं राहिलं, याचा मी विचार करतो आहे.

निवृत्तीला मी सांगितलं की तुम्हाला पत्रं लिहितोय. तो बाटल्या पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "माझं नाव लिवलं का, सर?"

"लिहिलं."

"मंग भर म्हणून कुणी सांगितलं तेबी लिवलं आसंल."

मी म्हणालो, लिहितो. तो पुढची बाटली पुसायला लागला. निवृत्ती माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि आवाज चढवत नाही. त्यामुळे त्याच्यापुढे फार वेळ उभं राहवत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. लिहितो.

१४ एप्रिलला जयंतीची सुटी होती. मी निळा फेटा बांधून मिरवणुकीला निघालो होतो, वाटेत कॉलेजात डोकावलो. दुसऱ्या दिवसापासून बी. एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षा, साठ मुलं, बाहेरचे परीक्षक. जारमध्ये चार बोटं पाणी होतं. एक लिटर डिस्टिल्ड पाणी काढायला वाफ थंड करण्यात पंधरा-वीस लिटर पाणी वाहून जातं, आणि नळ तर नऊ दिवस आला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शुद्ध पाणी नाही म्हणून कळवलं असतं तर परीक्षा केंद्र नांदेडला हललं असतं आणि साठ मुलं एस. टी.ने रोज तिकडे गेली असती. मी निवृत्तीला म्हणालो, हौदातलं भर.

तो म्हणाला, "सर, ते टँकरचं हाय. त्यात टीसीएल पावडर आसती."

मी म्हणालो, "उन्हात ठेव, जाईल. आणि कुणाला सांगू नको."

परीक्षा पार पडली. मुलांच्या प्रयोगांना तेवढ्याने फरक पडला नसावा, निदान कुणी तक्रार केली नाही. जार नंतर तसाच चालू राहिला, पहिला पाऊस येईपर्यंत. तुम्ही रोज त्यातूनच पाणी घेत होता. मी रोज तुम्हाला घेताना बघत होतो.

दुसरं. तुम्ही ब्लँक रोज घ्यायचं म्हणत होता. मार्चमध्ये म्हणालात, मेच्या सुरुवातीला पुन्हा म्हणालात. धुण्याविसळण्यासकट एका ब्लँकला दीड लिटर पाणी जातं. मी सांगितलं, आठवड्याला एक पुरे, सोमवारी घेत जा. परीक्षकांनी विचारलं, "ब्लँक फक्त सोमवारी का?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणी वाचवायला." ते हसले. पाणी वाचवायचा हुकूम माझा होता हे त्यांना माहीत नव्हतं.

नरसिंग हणमंते


लातूर
२० एप्रिल १९८७

कु. महानंदा हुडगे यांस, नमस्कार.

तीन पत्रांत मी जे लिहिलं त्यात एक गोष्ट धडधडीत खोटी आहे. तुमच्या वडिलांनी तांब्यातल्या पाण्याचा वास काढला आणि मला सुचलं, असं मी लिहिलं होतं. मला १८ जुलैलाच सुचलं होतं. परीक्षक बोटाने सोमवार मोजत होते. एक, दोन, तीन. चौथ्या सोमवारला मला हौद दिसला.

त्यानंतर ते बारा मिनिटं बोलत होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्या बारा मिनिटांत मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, पाण्यात दोष आहे, आणि दोष माझा आहे. तुम्ही समोर उभ्या होता. त्या वेळी मी नोंदवहीत बघत होतो, त्यामुळे तुमचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही.

का बोललो नाही, त्याची कारणं आहेत. एक ऑगस्टला विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेने ती माझी होती. आमच्या समाजातला त्या विभागातला पहिला माणूस मी. बिलोलीच्या शाळेत पाण्याच्या माठाला मला हात लावू देत नव्हते, वरून ओंजळीत ओतत. चूक माझी निघाली तर ती माझ्या एकट्याची राहत नाही, 'ह्यांचं असंच' होतं, हे मला तेव्हापासून पाठ आहे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला हणमंते सरांनी टँकरचं पाणी वापरलं, हे वाक्य कुणाकुणाच्या तोंडी कसं जाईल ते मी बसल्या जागी ऐकू शकत होतो.

हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं आहे की तो बोजा मी माझ्या डोक्यावरून उचलून तुमच्या डोक्यावर ठेवला. तुमच्या वडिलांनी माझ्या घरी तांब्याला तोंड लावलं त्या दिवशी मला लाज वाटली. आई सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "नरसिंग, त्या माणसाच्या लेकीला तू काय केलंस?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "मंग त्यो तुला का इचाराया आला?" माझी आई सही करायला साठीत शिकली. तिला सांगण्याऐवजी तुम्हाला पत्र लिहायला बसलो.

आज विद्यापीठाला पत्र पाठवलं. त्यात जार, १४ एप्रिल, निवृत्तीला दिलेला हुकूम, ब्लँकवरची बंदी आणि बारा मिनिटं, सगळं आहे. निवृत्तीने हुकूम पाळला, त्याला जबाबदार धरू नये, असं वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. दुरुस्त तक्ता जोडला आणि ८ मेची दुरुस्ती तुमची आहे हे नोंदवलं. एक प्रत मुखेडला तुमच्या मुख्याध्यापकांना रजिस्टरने टाकली. जूनच्या आत त्यांच्या हातात पडेल.

उद्या कॉलेजात प्राचार्यांना प्रत द्यायची आहे. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

नरसिंग हणमंते


लातूर
२८ सप्टेंबर १९८७

कु. महानंदा हुडगे यांस, नमस्कार.

शाळेने तुमचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलला, असं तुमच्या मुख्याध्यापकांनी मला कळवलं. काढलं नाही आणि ठेवलंही नाही. सरकारी हवामान अंदाजासारखं झालं. पण विद्यापीठाची समिती ९ ऑक्टोबरला आमच्याच कॉलेजात बसणार आहे, त्यावर पुढचं अवलंबून आहे. तुम्हालाही बोलावणं आलं असेल. मी हजर राहणार आहे. माझ्यामुळे तुम्ही येणं टाळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

इकडचं थोडक्यात. प्रात्यक्षिकाचं केंद्र पुढच्या वर्षी आम्हाला नाही. मुलांना शेवटी नांदेडलाच जावं लागणार, आणि त्यांचे पालक मला येता-जाता ते ऐकवतात. विभागप्रमुखपद काढून घेतलं. जी वाक्यं मला ऐकू येतील असं वाटलं होतं ती आली, काही जशीच्या तशी. एका सहकाऱ्याने चहा पिताना 'ह्यांना पाण्याची सवय नसते ना' असं म्हटलं. मी त्याला म्हणालो, पाणी बाटवलं म्हणून बोल, माझी चूक आहे, मी ऐकेन. बाकीचं तुझ्याजवळ ठेव. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोसायला सोपं गेलं. वर्षभर आधीच केलं असतं तर तुमचं एक वर्ष वाचलं असतं.

कॅनडात या महिन्यात देशांनी करार केला, तुम्ही वाचलं असेल. फ्रिजमधला आणि फवाऱ्याच्या डब्यांतला वायू वर जातो, तिथे त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खातो. दक्षिण ध्रुवावर भोक पडलं आहे. मी यंदाच्या वर्गाला ती यंत्रणा फळ्यावर शिकवली. क्लोरीनचा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन घेतो, पुढच्या पायरीला तो सोडून देतो आणि जसा होता तसा मोकळा होतो, पुढचा ओझोन फोडायला. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की क्लोरीन दोन्ही बाजूंनी कटतो. शेवटच्या ओळीत त्याचं नाव राहत नाही, फक्त ओझोन गेलेला दिसतो.

एका मुलीने विचारलं, "सर, मंग त्यानंच केलं हे कळतं कसं?" मी सांगितलं, मधल्या पायरीवर त्याला पकडावं लागतं. यंदा विमानातून यंत्रं नेऊन तेच चाललं आहे म्हणतात. तास संपेपर्यंत मी बाकीचं शिकवलं. माझं लक्ष नव्हतं.

नरसिंग हणमंते


लातूर
१२ ऑक्टोबर १९८७

महानंदा हुडगे यांस, नमस्कार.

समितीचं इतिवृत्त तुम्हाला टपालाने येईल, पण त्याला महिना लागेल. म्हणून झालं तेवढं लिहून ठेवतो. 'बनावट नोंदी' हा शेरा रद्द. प्रबंध दुरुस्त करून वर्षाच्या आत पुन्हा सादर करायची मुभा. तसं पत्र मुखेडच्या शाळेला विद्यापीठ स्वतः पाठवणार. अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं की दुरुस्त तक्ता तयारच आहे, वजाबाकी करून तेच आकडे द्याल का. तुम्ही म्हणालात, "न्हाई सर, मी पहिल्यापासून करते. नांदेडला दुसरे गाईड बघितलेत. ब्लँक रोज घेणार." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्यांचं बरोबर आहे. मला ते मनापासून वाटलं, आणि वाईटही वाटलं. बावीस आलेख मी महिनाभर हाताने काढले होते.

निवृत्तीला आत बोलावलं तेव्हा तो चप्पल बाहेर काढून आला. सगळं सांगून झाल्यावर समितीतल्या एकांनी विचारलं, तुम्ही त्याच वेळी कुणाला का सांगितलं नाही? तो म्हणाला, "सांगितलं हुतं की, साहेब." कुणाला, असं त्यांनी विचारलं. त्याने तुमच्याकडे नुसतं पाहिलं. अध्यक्षांना वाटलं तो घाबरला, त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. मला ८ मेची लाल शाई आठवली.

जिन्यात तुम्ही माझ्यासाठी थांबलात. खाली तुमचे वडील छत्री काखेत धरून उभे होते. यंदा छत्रीचा उपयोग सावलीपुरताच.

तुम्ही म्हणालात, "सर, मला माहीत होतं. निवृत्तीमामानी त्या दिवशी सकाळीच सांगितलं. परीक्षक यायच्या आधी. कोणत्या दिवशी टँकर आला न्हाई तेबी सांगितलं."

मी म्हणालो, "मग तू बोलली का नाहीस?"

तुम्ही म्हणालात, "मी बोलले आसते तर मार्गदर्शकावर ढकलती म्हणले आसते. पुरावा काय हुता माझ्याजवळ? आन मला वाटलं तुम्हीच सांगताल. तुम्हीच सांगायचं हुतं ते. तुमच्याकडं बघत राहिले. लई वेळ बघत राहिले."

मग खाली गेलात. तुमच्या वडिलांनी वर बघून मला नमस्कार केला. मी केला की नाही ते आठवत नाही.

तुम्ही माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. त्याची कोटी मला ठरवता येत नाही आणि तो माझा विषयही नाही. एका नोंदीत दुरुस्ती करायची राहिली आहे, तेवढ्यासाठी लिहितोय. याची प्रत समितीलाही पाठवली आहे.

१८ जुलैला परीक्षक बोलत असताना मी नोंदवहीत बघत होतो, असं मी एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं. समितीपुढेही तेच सांगितलं आणि ते इतिवृत्तात गेलं आहे. ते खरं नाही. सुरुवातीलाच मी मान वर केली होती. तुम्ही माझ्याकडे बघत होता. तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही माझी वाट बघताय, हे मला दिसलं. मग मी नोंदवही उघडली.

नरसिंग हणमंते